कोणालाही सुचलं असतं

फोन आला तेव्हा मी एका पिकअपखाली पाठीवर पडलेलो होतो. वेल्डिंगचा होल्डर बाजूला ठेवला, हातमोजा काढला आणि सरकत बाहेर आलो. नागपूरहून वकीलबाई बोलत होत्या. माझ्या पेटंटच्या अर्जाचं काम त्याच पाहत होत्या.

"भाऊ, तुमच्या अर्जावर हरकत आली आहे," त्या म्हणाल्या. "ट्रकच्या बॉडी बांधणारी एक कंपनी आहे. हरकत येईल असं मला वाटतच होतं. पण सोबत एका वेल्डरचं शपथपत्र जोडलंय. या नावाचा कोणी तुमच्या ओळखीचा आहे का?"

त्यांनी नाव वाचलं. वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं. त्याचं असं पूर्ण नाव मी आयटीआयच्या हजेरीनंतर कधी ऐकलंच नव्हतं.

"आहे," मी म्हणालो. "माझा पार्टनर होता. काय लिहिलं त्यानं?"

त्यांनी कागद मराठीत समजावून सांगितला. त्यात होतं : मी अनेक वर्षं वेल्डिंगचं काम करतो. अर्जदाराने दाखवलेला जोड मी पाहिला आहे. तो कोणत्याही अनुभवी कारागिराला सहज सुचण्यासारखा आहे. त्यात बुद्धीचं विशेष काम नाही. शेवटी सही.

"तुमच्यासोबत काम केलेल्या माणसाचाच कागद असल्यामुळे तो जड जाणार," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही ऐकताय ना?"

मी ऐकत होतो. गाडीचा ड्रायव्हर समोर उभा राहून किती वेळ लागेल असं खुणेने विचारत होता. मी त्याला संध्याकाळी ये म्हणालो आणि शेडचं शटर अर्धं ओढून घेतलं. त्या दिवशी पुढे काही काम केलं नाही.

आम्ही दोघं मूल तालुक्यातले. त्याच्या घरी धानाची शेती. माझे वडील राइस मिलमध्ये मशीनवर होते. चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये वेल्डिंगला आमचे नंबर पाठोपाठ लागले, आणि तिथे दोन मुलांमागे एक होल्डर असल्यामुळे वर्षभर एकाच होल्डरवर आम्ही शिकलो. तो वेल्ड मारायचा तेव्हा मी काळी काच धरून पाहायचो, मी मारायचो तेव्हा तो पाहायचा. त्याच्या वेल्डची लाट माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी यायची. माझी तशी कधीच आली नाही. डबा एकच, त्याच्या आईचा. आम्ही बौद्ध. त्याच्या घरात आधी कोणी आमच्याकडचं जेवायला बसलेलं नव्हतं. त्याने एके दिवशी मला सरळ स्वयंपाकघरात नेऊन आईला सांगितलं, "बाई, हा आजपासून इथीच जेवन." त्या माउलीने एक शब्द न बोलता ताट वाढलं. हे मी विसरलो नव्हतो, म्हणूनच तो फोन ऐकवत नव्हता.

पुढे मूलच्या बाहेर, गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही शेड टाकली. ट्रॉल्या, पिकअप, काळी-पिवळी जीप. कामाला तोटा नव्हता, कारण भामरागडकडचा रस्ता गाड्या मोडायचा. बांबू, तेंदूपत्त्याची पोती, धान भरून गाड्या नाल्यांतून, दगडांवरून जायच्या आणि स्प्रिंगचे पाटे जिथे चॅसिसला धरलेले असतात तिथला आडवा पाइप वेल्डजवळच तडकायचा. वेल्ड नव्हे, वेल्डच्या शेजारचं लोखंड. आम्ही तडा घासायचो, पुन्हा मारायचो, वरून पट्टी ठोकायचो. दोन-तीन महिन्यांनी तीच गाडी परत. पट्टी शाबूत, तिच्या टोकाशी नवीन तडा.

"जितकं मजबूत करू तितकं बाजूचं तुटून राह्यलं बे," तो एकदा वैतागून म्हणाला होता. दुखणं त्याने बरोबर सांगितलं होतं. फक्त ते दुखण्याचं वर्णन आहे, औषध नाही, असं दोघांनीही धरून घेतलं होतं.

एका जूनमध्ये भामरागडच्या एका ड्रायव्हरची पिकअप शेडमध्ये होती. जाडजूड, हसरा माणूस, माडिया बोलणारा. आमच्याशी हिंदी-मराठी मिसळून बोलायचा. मी पाइपच्या दोन्ही बाजूंनी लांब वेल्ड मारला होता, टोकाकडचा गोल भाग राहिला होता, तेवढ्यात लाइट गेली. तासाभरात आली नाही. आभाळ भरून आलं. पर्लकोटा नदीला पूर आला की आपण इकडेच अडकणार म्हणून ड्रायव्हर घायकुतीला आला.

"रहने दो भाऊ, इतना बस है. दिवाळीनंतर येतो, तेव्हा मारून द्या."

मी नको म्हणत होतो. तो गेला.

दिवाळीनंतर तो खरंच आला. गाडीच्या पलीकडच्या बाजूचा, आधीच पूर्ण वेल्ड केलेला जोड फाटला होता. अर्धवट सोडलेला तसाच्या तसा होता. मी गाडीखाली टॉर्च घेऊन पडलो आणि बोटाने तो जोड दोनदा-तीनदा चाचपला. केसाएवढीही रेघ नव्हती.

मला लगेच काही उमगलं असं नाही. योगायोग असेल म्हणून मी तो विषय सोडलाही. पण झोपेतून उठल्यावर पहिला विचार त्याचाच यायचा. वेल्ड जिथे एकदम संपतो तिथे सगळा भार एका रेषेवर येतो. टोक मोकळं असलं तर पाइप थोडा लवतो आणि भार हळूहळू उतरतो. एवढं डोक्यात आलं आणि मग मी कापाकापी सुरू केली. पाइपाच्या टोकाला जिभेसारखे दोन निमुळते भाग काढायचे, ते एका जाड पट्टीच्या खाचेतून आत घालायचे, वेल्ड फक्त जिभेच्या दोन कडांना आणि टोक मोकळं. किती मोकळं, हाच खरा प्रश्न होता. कमी सोडलं तर तडा, जास्त सोडलं तर जोड हलायचा. आमच्या स्वतःच्या ट्रॉलीवर आणि त्या ड्रायव्हरच्या गाडीवर मी एकामागून एक करून पाहिले. तो ड्रायव्हर प्रत्येक खेपेला येऊन पाठीवर थाप मारायचा आणि तुटलं की तितक्याच मोठ्याने हसायचा.

माझ्या पार्टनरला हे पटत नव्हतं, तो हसायचा. गिऱ्हाईक काय म्हणेल, अर्धं काम करून सोडलं म्हणेल, असं त्याचं म्हणणं. तरी मी मागितला तेव्हा त्याने जीभ कापायचा साचा करून दिला. सुबक साचा होता, त्याच्या हातचा. तो मी अजून वापरतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला माप जमलं. मग ड्रायव्हरची गाडी बांबूचा भार घेऊन महिनोन् महिने पळाली आणि जोड टिकला.

त्या सुमारास चंद्रपूरला छोट्या कारखानदारांचा मेळावा होता. जाऊ म्हणून तोच मला घेऊन गेला, त्याला नवीन ग्राइंडर पाहायचे होते. तिथे एका कोपऱ्यात वकीलबाई पेटंटबद्दल सांगत होत्या. समोर सात-आठ माणसं. मी मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "हे टोक राहून गेलंय की सोडलंय?"

"सोडलंय."

"का?"

मी दहा मिनिटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला 'का' विचारलं होतं. त्यांनी किती गाड्यांवर लावलं ते विचारलं. आमची ट्रॉली सोडली तर एकाच गाडीवर, चाचणीपुरतं, हे ऐकून त्या म्हणाल्या, "मग आता थांबा. आधी अर्ज करू, मग बाकीच्यांना लावा."

अर्जात शोध लावणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. मी शेडवर येऊन त्याला विचारलं, "दोघांचं लिहू काय?"

तो पिंप उलटं करून त्यावर बसला होता, बिडी पेटवत. "तुह्यंच लिही. मले त्या कागदपत्रातलं काय समजते?"

मी माझंच लिहिलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कल्पना माझी होती, रात्रंदिवस त्याच्यामागे मीच होतो, आणि तो तर हसत होता. असं मी स्वतःशी म्हणालो आणि सही करून फॉर्म पाठवला.

त्यानंतर वर्षभरात तो बदलला की मीच बदललो, आता सांगता येत नाही. गिऱ्हाईकं 'टोकवाला जोड' मागायला लागली आणि बोलताना माझ्याकडे पाहायची. एक-दोनदा कोणीतरी त्याला "तुम्ही यांच्याकडे कामाले असता काय?" असं विचारलं. त्याने ते हसण्यावारी नेलं, पण मी ऐकलं होतं. मी त्या माणसांना काही सांगितलं नाही. मग त्याला त्या बॉडी बांधणाऱ्या कंपनीत सुपरवायझरचं काम मिळालं. सासुरवाडी वरोऱ्याची, कंपनीही त्याच बाजूला, म्हणून तो बायकामुलांसह वरोऱ्याला राहायला गेला. जाताना आम्ही शेडमध्ये चहा प्यायलो. त्याने त्याचा वेल्डिंगचा काळा चष्मा मला ठेवायला दिला, "इथला इथीच राहू दे" म्हणाला. भांडण झालं नव्हतं. मी आठवून आठवून पाहिलं, एकही वाकडा शब्द झाला नव्हता.

अर्ज जाहीर झाला आणि कंपनीने तो वाचला. तिथे तोच जोड बनायला लागलेला होता. कोणी शिकवला हे विचारायची गरज नव्हती. मला पेटंट मिळालं असतं तर त्यांना तो थांबवावा लागला असता. म्हणून हरकत. आणि हरकतीला बळ म्हणून त्याचा कागद.

फोननंतरच्या रविवारी मी मोटरसायकलने वरोऱ्याला गेलो. त्याच्या बायकोने दार उघडलं. "भाऊजी, किती दिवसांनी," म्हणाली आणि पाणी आणलं. तिला काही माहीत नसावं. तो आतून बनियनवर आला, मला पाहिलं आणि शर्ट घालून थेट बाहेर निघाला. आम्ही जिनिंग मिलच्या भिंतीपर्यंत चालत गेलो. रस्त्याच्या कडेला कापसाचे पुंजके उडून चिकटले होते.

"ते तू लिहिलं?" मी विचारलं.

"साहेबानं टाइप करून आनलं. मी वाचून घेतलं, मंग सही केली. जबरदस्ती कोनी नाई केली." त्याने डोळे चुकवले नाहीत.

"कोनालाही सुचलं असतं म्हनते त्यात. तुले सुचलं होतं काय?"

"सुचलं नाई. पन सुचलं असतं. आज नाई तं उद्या. काय होतं बे त्यात? पाइप कापला, टोक सोडलं, झालं. मी रोज तुह्या बाजूले उभा राहून पाह्यत होतो. मले तं सोपंच वाटलं."

"केल्यावर वाटलं. कराच्या आधी तू हसत होता."

"हसलो. मंग? साचा कोनं बनवला? तुले सरळ कापता तरी आलं असतं काय ते?" त्याचा आवाज चढला. "अन् फारमावर नावं किती? एक."

"तूच म्हनला, तुह्यंच लिही."

"म्हनलो. तू दुसऱ्यांदा विचारलं काय?"

मी विचारलं नव्हतं. का नाही विचारलं, ते त्याला माहीत होतं.

"नाव पायजे होतं तं मले सांगाचं होतं," मी शेवटी म्हणालो. "भांडला असता. शिव्या दिल्या असत्या. तू तं माह्यंही पुसून टाकलं. त्या कागदात मी कुठीच नाई. कोनीही आहे, मी नाई."

तो भिंतीकडे वळला. मग म्हणाला, "माही नोकरी आहे ते. सोड आता. चहा घेऊन जा."

मी चहा घेतला नाही. परतताना भद्रावतीपर्यंत मी स्वतःशी मोठमोठ्याने बोलत होतो. हेल्मेटमध्ये आपलाच आवाज कानावर आदळत होता.

पेटंट ऑफिसात सुनावणी झाली आणि काही महिन्यांनी आदेश आला. अर्ज नामंजूर. अधिकाऱ्याने परदेशी पेटंटचे दोन जुने कागद शोधले होते. एक सायकलच्या सांगाड्याचा, त्यात पाइपला खाच होती. दुसरा पुलाच्या पट्ट्यांचा, त्यात वेल्ड कडेच्या थोडा आधी थांबवला होता. हे दोन्ही एकत्र करणं या कामातल्या जाणकाराला उघडच सुचलं असतं, असा निष्कर्ष, आणि पुढे एक ओळ : अर्जदाराच्याच माजी सहकाऱ्याने हे मान्य केलेलं आहे.

मी ती ओळ बायकोला वाचून दाखवली. ती अंगणवाडीत शिकवते, कागद माझ्यापेक्षा नीट वाचते. तिने आदेश माझ्या हातून घेतला, पहिल्यापासून वाचला आणि विचारलं, "तुम्ही कधी सायकलचा सांगाडा अन् पूल एकत्र पाह्यला होता काय?"

"नाई."

"त्यानं?"

"त्यानं बी नाई."

"मंग हे कोनाले सुचलं असतं?" ती म्हणाली. "अपील करा. जिंकाल का हराल ते मले नाई सांगता येत. पन तुम्ही चार महिन्यांपासून घरात बोलून नाई राह्यले. ते तरी संपन."

अपील हायकोर्टात करायचं होतं. वकीलबाईंनी जुनं सगळं मागितलं, फोटो, मापांची वही, मेसेज. मी फोनमध्ये मागे मागे जात राहिलो आणि तिथे त्याचा आवाज सापडला. मी पहिल्यांदा जिभेचा जोड केला तेव्हा तो सासरी होता, म्हणून मी फोटो पाठवला होता. त्यावर त्याने आवाजी मेसेज टाकला होता.

"अबे, हे काय पाठवलं तू? टोक मोकळं ठेवून कोनी जोड मारते काय? वेडा झाला का बे? त्या ड्रायव्हरची गाडी नाल्यात पडन, त्याचे लेकरं लहान आहे. पूर्ण मार, गोल मार. माह्यं ऐक."

मी तो स्वयंपाकघरात लावला. बायको कणीक मळत होती, तिचे हात थांबले. मेसेज संपल्यावर ती म्हणाली, "यात तं काळजी आहे त्याची."

होतीच. म्हणूनच तो पाठवायला दोन दिवस लागले. शपथेवर त्याने जे लिहिलं ते त्याच्याच तोंडाने खोटं ठरत होतं. आणि तो मेसेज त्याने मला पाठवला होता, कोर्टाला नाही. पहिल्या दिवशी वाटलं, असं करणारे आपण कोण. दुसऱ्या दिवशी आदेशातली ती एक ओळ पुन्हा वाचली आणि वकीलबाईंना पाठवून दिला.

सुनावणी कॉम्प्युटरवर होती. आम्ही दोघं नवरा-बायको पहाटेच्या बसने नागपूरला गेलो आणि वकीलबाईंच्या ऑफिसात मागच्या खुर्च्यांवर बसलो. पडद्यावर चौकोनांमध्ये माणसं. बोलणं सगळं इंग्रजीत, मला अर्धंमुर्धं कळत होतं. कंपनीचा वकील म्हणत होता की इथे तर काहीतरी न करण्याला शोध म्हटलं जातंय. वेल्ड मारला नाही, हा शोध कसा? बोलताना तो थोडा हसला.

मेसेजचं काहीच झालं नाही. हा पुरावा अधिकाऱ्यापुढे ठेवलेला नव्हता, आता घेता येणार नाही, असं त्या वकिलाने सांगितलं आणि न्यायाधीशांनी ते मान्य केलं. दोन दिवसांच्या घालमेलीचा दोन मिनिटांत निकाल लागला.

मग न्यायाधीशांनी स्वतः विचारायला सुरुवात केली. वकीलबाईंनी नंतर मला त्याचा अर्थ सांगितला. त्यांनी विचारलं होतं, सायकल आणि पूल या दोन गोष्टी जोडाव्यात असं मालवाहू गाड्यांच्या वेल्डरला का वाटावं, हे आदेशात कुठे लिहिलंय? कंपनीच्या वकिलाने शपथपत्राचा दाखला दिला. त्यावर न्यायाधीश म्हणाले, हा साक्षीदार म्हणतो सहज सुचलं असतं. तो याच कामात इतकी वर्षं होता, तेच तडे दुरुस्त करत होता. मग त्याने का केलं नाही, हे तो सांगत नाही. उत्तर समोर ठेवल्यावर गणित सोपं वाटतंच.

वरोऱ्याच्या त्या भिंतीपाशी मी हेच म्हणालो होतो. केल्यावर वाटलं.

अपील मंजूर झालं. म्हणजे पेटंट मिळालं असं नाही. आदेश रद्द झाला, दुसऱ्या अधिकाऱ्याने सगळं पुन्हा ऐकावं असं ठरलं. पुन्हा सुनावणी, पुन्हा कागद. शेवटी पेटंट मिळालं, पण छाटून. जिभेचा निमुळतेपणा आणि मोकळ्या टोकाचं माप ठरावीक मर्यादेत असेल तेवढाच जोड माझा. "हे चांगलं आहे, भाऊ," वकीलबाई म्हणाल्या. प्रमाणपत्र मेलवर आलं. बायकोने अंगणवाडीजवळच्या दुकानातून त्याचा रंगीत कागद काढून आणला आणि कपाटाच्या आत, साड्यांच्या मागे ठेवला. मी भिंतीवर लावू नको म्हणालो होतो.

मूलच्या चौकात लोक अभिनंदन करायचे आणि पुढे म्हणायचे, "आम्ही बी कधीकधी टोक सोडूनच मारतो म्हना." मी हो म्हणायचो.

कंपनीने माझा जोड बंद केला. तो वापरायचा परवाना मागतील असं वकीलबाईंना वाटलं होतं, त्यांनी मागितला नाही. पुन्हा पूर्वीसारखा गोल वेल्ड सुरू केला. त्यांची एक गाडी माझ्या शेडमध्ये आली, वेल्डशेजारी तडकलेली. वेल्डची लाट मी ओळखली. खवल्यांसारखी, एकसारखी, कुठे कमी नाही कुठे जास्त नाही. सुपरवायझरला हातात होल्डर घ्यायची वेळ कशी आली, ते त्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं. मेसेजची एक प्रत नियमाप्रमाणे कंपनीलाही गेली होती. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चार माणसांसमोर त्याचाच आवाज त्याला ऐकवला आणि दुसऱ्या दिवशी खाली लाइनवर कामाला लावलं. कोर्टात कामी न आलेला मेसेज तिथे बरोबर पोचला होता. तडकणार हे माहीत असलेला जोड तो रोज, देखणा, मारत होता.

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता असं काहीजण म्हणाले. मला फक्त थकवा आला. मी तो तडा घासला आणि माझ्या पद्धतीने जोड करून दिला.

यंदा एका लग्नात तो भेटला. मूललाच, मंगल कार्यालयात. हात धुवायच्या नळापाशी अचानक समोरासमोर आलो. त्याचे केस बरेच पांढरे झाले होते. बाजूला सरकायला जागा नव्हती.

"बरा आहे?" त्याने विचारलं.

"बरा."

"शेड चालून राह्यली ना?"

"चालून राह्यली."

मागे माणसं खोळंबली होती. त्याने हात धुतले, रुमाल काढला, तरी तो गेला नाही. खाली पाहत म्हणाला, "आता टोक किती सोडते तू? जाड पाइपाले तेवढंच, का जास्त?"

आयटीआयमध्ये काचेआडून विचारायचा तसाच आवाज होता. माहीत करून घ्यायचं होतं, बस. जाड पाइपाला जास्त लागतं, किती जास्त ते मला गेल्या पावसाळ्यातच उमगलं होतं, पेटंटच्या कागदात ते नव्हतं, आणि ते सांगावं असं तालुक्यात दुसरं कोणी नव्हतं. ऐकून ज्याचे डोळे चमकले असते असा तोच एक. शब्द माझ्या तोंडाशी आले होते.

"कागदावर आहे सगळं," मी म्हणालो. "कोनीही वाचू शकते."

त्याने मान हलवली, जणू हेच ऐकायचं होतं, आणि रुमाल घडी करत गर्दीत गेला. मी जेवायला बसलो. समोरच्या रांगेत तो नव्हता, बहुतेक तसाच निघून गेला असावा.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, कोण कोण भेटलं. मी चार-पाच जणांची नावं सांगितली. त्याचं सांगितलं नाही.